भिंगापुढचा हात

आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांची एक पक्की समजूत होती. परदेशात आया मरत नाहीत, त्या खेडला जातात. अस्वलाची आई खेडला जाते, बदकाची आई खेडला जाते. एका पिक्चरमध्ये तर एका छोट्या रेल्वे इंजिनाची आई होती, तीसुद्धा खेडला गेली, आणि तीही एस.टी.नं. पिक्चर संपायच्या आत या सगळ्या परत येतात. अशी समजूत करून देणारा माणूस म्हणजे आमचे आंबेरकर.

आंबेरकर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. विम्याच्या कचेरीत नोकरी, लग्न केलेलं नाही, घरात एक कॉट, एक स्टोव्ह आणि एक प्रोजेक्टर. हा प्रोजेक्टर त्यांनी कुठल्याशा शाळेच्या भंगारातून उचलून आणला होता. तो चित्र दाखवायचा, पण त्याचा आवाज कायमचा बसला होता. "बरंच आहे ना वहिनी," ते मला म्हणायचे, "आमच्या घरात एकानं तरी गप्प बसायला नको?"

कारण ते स्वतः गप्प बसायचे नाहीत. खरं तर ते बसायचेच नाहीत. मी या माणसाला खुर्चीवर टेकलेलं कधी पाहिलं नव्हतं. "या, बसा," म्हटलं की, "बसतो कशाला, निघालोच," म्हणायचे आणि उंबऱ्यात तासभर उभे राहायचे. चहा उभ्यानं. पोहे उभ्यानं. आमच्या सोसायटीची मीटिंग असली की सगळे सतरंजीवर, आणि आंबेरकर सगळ्यांच्या भोवती फेऱ्या मारतायत. रिक्षात बसावंच लागतं, तर तिथंही सीटच्या कडेला आणि एक पाय बाहेर. कुणाच्या दाराची बेल वाजली तरी पहिले हे वळून बघणार. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर. दिवसभर लोकांना "होल्ड करा" सांगून घरी यायची, तर दारात हा माणूस. याला होल्ड करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. "वहिनी, चालू राहिलं पाहिजे," हे त्यांचं ब्रीदवाक्य. काय चालू राहिलं पाहिजे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आम्ही तेव्हा गिरगाव सोडून नुकते भाईंदरला आलो होतो. खारी गावाच्या पुढे जिथं रस्ता दम टाकायचा तिथं आमची बिल्डिंग, आणि मागे मिठागरं. स्वतःचा संडास मिळाला याचा आनंद मोठा होता. नळही होते, फक्त त्यांत पाणी नव्हतं. पाणी टँकरनं यायचं, आणि टँकर त्याच्या मर्जीनं. पोरांना करमणूक म्हणाल तर डास मारणं. अशा ठिकाणी आंबेरकरांनी दर महिन्याच्या एका रविवारी फुकट कार्टून पिक्चर दाखवायला सुरुवात केली, आणि आमच्याच काय, आजूबाजूच्या सगळ्या बिल्डिंगींतली पोरं दिवेलागणीला आमच्या कंपाउंडमध्ये जमायला लागली.

रिळं ते फोर्टातल्या कुठल्याशा परदेशी वाचनालयातून आणायचे. तिथं ती फुकट मिळत, आणि का मिळत ते बघितल्यावर कळायचं. कुठल्या देशाची, कुठल्या भाषेतली, काही पत्ता नाही. पडदा म्हणून शेजारच्या मधुबेनची डबलबेडची चादर. लाइट माझ्या घरातून, कारण मी तळमजल्यावर. माझ्या खिडकीतून वायर बाहेर, खिडकीला लागून माझं इस्त्रीचं टेबल, त्यावर प्रोजेक्टर. थोडक्यात, पिक्चरच्या दिवशी माझं घर माझं नसायचं. मिठागरावरून वारा सुटला की चादर फुगायची आणि पडद्यावरच्या हडकुळ्या कोल्ह्याला सातवा महिना लागायचा. मधेच टँकरचा हॉर्न. अर्ध्या बायका बादल्या घेऊन पळायच्या, टँकरचे दिवे थेट पडद्यावर, कोल्हा गायब. मधुबेन तिकडून ओरडायच्या, "आंबेरकरभाई, रोको ने! मेरा देखने का बाकी है!"

"रोखता येत नाही मधुबेन! रीळ थांबलं की जळतं!"

ते खरं होतं. आत दिवा इतका तापायचा की फिल्म जागच्या जागी थांबली तर मधोमध भोक पडायचं. त्यामुळे आंबेरकर, वारा येवो, टँकर येवो, प्रोजेक्टरभोवती गोल फिरत, रीळ पळवत आणि तोंडानं सगळं पिक्चर बोलत राहायचे. मूळ गोष्ट त्यांनाही कळलेली नसायचीच. कोल्हा काशीमीऱ्याच्या ढाब्यावर जेवायचा, राक्षस टँकरवाल्याकडून पाच बादल्या जास्त मागायचा. घुबडाला ते आमच्या सेक्रेटरीचा आवाज द्यायचे, आणि सेक्रेटरी पहिल्या रांगेत बसून खो खो हसायचे, कारण तो आवाज आपला आहे हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही.

आणि मग तो प्रसंग यायचा. पिक्चर कुठल्याही देशाचं असो, तो यायचाच. बर्फ पडायला लागतं, नाहीतर शिकारी येतो, नाहीतर पूर येतो, आणि पिलाची आई आडवी होते. ती आडवी व्हायच्या आधीच आंबेरकर झेप घेऊन आपला उजवा पंजा भिंगापुढे धरायचे. चादर काळी. पोरं ओरडायची, "हात! हात! काका, हात काढा!" आणि अंधारातून आंबेरकरांचा खणखणीत आवाज यायचा, "आई गेली खेडला! एस.टी. सुटली! कंडक्टर, डबल बेल!" दोन टाळ्या, म्हणजे डबल बेल. मग हात निघायचा, तोवर पिलू एकटंच रानात चाललेलं असायचं. शेवटाला एखादी म्हातारी घूस जरी दिसली, तरी आंबेरकर जाहीर करायचे, "ही बघा आई आली! कोकणात जरा रापलीय, पण तीच आहे!" पोरं टाळ्या पिटायची. त्यांनी काकांचं नाव ठेवलं होतं हातवाले काका.

मी खिडकीत उभी असायची, म्हणून मला एक गोष्ट दिसायची जी बाकी कुणाला दिसत नसे. हात धरला की पिक्चर थांबत नाही. ते हातावर पडतं. आंबेरकरांच्या तळव्यावर पांढरे, निळे, धुरकट रंग हलत असायचे, आणि ते त्याच्याकडे टक लावून बघत असायचे. तेवढा वेळ मात्र ते जागचे हलायचे नाहीत.

"आंबेरकर, पोरांना कशाला फसवता?" एकदा मी विचारलं.

"लहान आहेत वहिनी. झोपायचं असतं त्यांना."

"अहो, पण सगळ्यांनाच खेडला? जरा सावंतवाडीला पाठवा, हवापालट."

"बसतो कशाला, निघालोच," म्हणाले आणि खरोखर निघून गेले. असं ते कधीच करत नसत. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी आपली इस्त्रीचं टेबल आत ओढत बसले.

मग शेलारांची बायको गेली.

शेलार दुसऱ्या मजल्यावरचे, महाडकडचे, काशीमीऱ्याला एका गोडाऊनवर सुपरवायझर. माणूस साधा, शब्द मोजून वापरणारा. बायको आजारी पडली काय, मुंबईच्या हॉस्पिटलात नेली काय, आणि मुलांच्या परीक्षा चालू असतानाच ती गेली. मागे शीतल, पहिलीतली. आईला शेवटचं बघायला तिला नेलं नव्हतं. घरी परत आल्यावर शेलारांच्या बहिणीनं तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आई गावाला गेलीय हां."

शीतलनं विचारलं, "खेडला?"

आम्ही सगळ्या बायका तिथं होतो.  ते महाडचे, त्यांचा खेडशी काय संबंध! पण पोरगी इतक्या आशेनं बघत होती की आत्यानं मान हलवली. आणि मीही हलवली.

शीतलचा चेहरा एकदम सैल झाला. "मग येईल," ती म्हणाली. "पिक्चर संपायच्या आत येते."

पुढच्या पिक्चरच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन पडद्यासमोर बसली. आंबेरकर रीळ लावत होते. "काका, अजून किती रिळं आहेत?" तिनं विचारलं. त्यांना वाटलं, पिक्चरची. "तीन," ते म्हणाले. शीतलनं तीन बोटं वर केली आणि "म्हणजे तिसऱ्याला माझी आई," म्हणत ती एकेक करून मिटली. त्या दिवशी त्यांनी कसंबसं पिक्चर उरकलं. शेवटाला आई आली नाही. घूस आली, पण आंबेरकर काही बोललेच नाहीत, आणि पोरांनी ओरडून ओरडून कंपाउंड डोक्यावर घेतलं.

त्यानंतर शो बंद. बल्ब गेला म्हणाले. मग फोर्टातली रिळं संपली म्हणाले. मग बल्ब पुन्हा गेला. रोज संध्याकाळी शीतल तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांचं दार वाजवायची, "काका, पुढचं रीळ कधी?" आणि आंबेरकर ऑफिसमधून येऊन घरी न जाता मिठागराच्या बांधावर येरझारा घालायला लागले. बारीक झाले. माझ्या उंबऱ्यातही टिकेनात. कपातला चहा अर्धा ठेवून जायचे. मला त्यांचा राग यायचा, कशाचा ते सांगता येत नसे. एक माणूस अस्वस्थ असला की सगळी बिल्डिंग अस्वस्थ होते, तसं काहीसं झालं होतं.

मे महिना आला. निम्मी बिल्डिंग गावाला गेली, आणि महिनाअखेर फणस, कोकमं, आंब्याच्या पेट्या घेऊन एकेक जण परत यायला लागलं. प्रत्येक एस.टी.तून कुणाची ना कुणाची आई परत येत होती. शीतल जिन्यात उभी राहून बघायची. तिची आत्या गावी परतली होती, म्हणून शेलार तिला रोज आपल्याबरोबर गोडाऊनवर न्यायचे. एका दुपारी गोडाऊनवरचा माणूस रिक्षानं धापा टाकत आमच्याकडे आला. "शीतल हिकडं आली काय? सायेब येडे झालेत. पोरगी गोडाऊनात न्हाय!"

माझी सुट्टी होती, आंबेरकरांचीही. मी चप्पल शोधतेय तोवर आंबेरकर बनियनवर जिना उतरून खाली. "एस.टी.च्या थांब्यावर बघितलंत?"

"तिथं कशाला जाईल ती?"

ते रिक्षात शिरले. मीही शिरले.

काशीमीऱ्याच्या नाक्यावर कोकणातून बोरिवलीला जाणाऱ्या गाड्या घोडबंदरच्या रस्त्यानं येऊन थांबायच्या. ट्रकांची नुसती खेचाखेच, धूर, हॉर्न, गॅरेजवाल्यांची ठोकाठोक. त्यात एका टायरवाल्याच्या दुकानापुढे दगडावर शीतल बसली होती, मांडीवर पाण्याची बाटली. लाल गाडी थांबली की उठायची, उतरणाऱ्या बायका एकेक करून निरखायची, आणि परत बसायची. माझ्या तोंडून "अगं कार्टे!" एवढंच निघालं.

तिला आमच्या येण्याचं काही वाटलं नाही. "काका, खेडची गाडी कुठली हो? सगळ्या सारख्याच दिसतात."

"बाटली कुणाला?" आंबेरकरांनी विचारलं.

"आईला. प्रवासात तहान लागते ना."

मी म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, अजून एक गाडी येऊ दे. आणि हा माणूस, जो माझ्या घरी चहा संपेपर्यंत थांबत नाही, तो तिथं उन्हात, बनियनवर, तिचा हात धरून थांबला. गाडी आली. बायका उतरल्या. गाडी गेली. "येत नाही आज," शीतल म्हणाली आणि स्वतःहून रिक्षाकडे वळली.

त्या संध्याकाळी आंबेरकर माझ्या उंबऱ्यात उभे होते. शेलार आपल्या पोरीला घट्ट धरून वर गेले होते. मी चहा दिला.

"तुम्हाला कसं कळलं, ती तिथं असेल ते?"

"मी पण तिथंच असायचो," ते म्हणाले. "खेडच्या स्टँडवर. मी शीतलएवढा होतो. मला सांगितलं होतं, आई मुंबईला गेलीय, येईल. मुंबईची गाडी संध्याकाळी यायची." चहा त्यांनी पाण्यासारखा एका दमात पिऊन टाकला. "मला अजूनपर्यंत कुणी सांगितलेलं नाही वहिनी, की ती मेली म्हणून. सगळ्यांना वाटलं, आता मोठा झालाय, त्याला कळलं असेल. कळलंच म्हणा. पण सांगितलं कुणी नाही. बेल वाजली की अजून मान वळते बघा."

मी म्हटलं, "बसा हो जरा."

"म्हणून मी सगळ्यांना खेडला पाठवतो," ते म्हणाले. "तिथं वाट बघणारं कुणीतरी होतं." आणि निघाले. दोन पायऱ्या चढून परत आले. "शेलारांना विचारतो. पोरीला सांगायला पाहिजे. चालू राहिलं पाहिजे वहिनी. एकाच जागी थांबलं की जळतं."

शेलारांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझी तर जीभच उचलत नाही. तुम्ही दाखवा. मी मागं उभा राहतो."

शाळा उघडायच्या आधीचा रविवार. अस्वलाचं जुनंच पिक्चर, सगळ्या पोरांना तोंडपाठ. कंपाउंड भरलेलं, वारा सुटलेला, चादर फुगलेली, मधुबेनचा सुपारीचा डबा फिरतोय. शीतल माझ्या खिडकीखाली, प्रोजेक्टरच्या अगदी जवळ बसली होती. शेलार भिंतीला टेकून. मी खिडकीत. 

बर्फ पडायला लागलं. पोरांनी आधीच कल्ला सुरू केला, "खेड! खेड! डबल बेल!" अस्वलाची आई अडखळली. आंबेरकरांचा हात सवयीनं वर आला, भिंगापर्यंत गेला. तळव्यावर ते पांढरे रंग हलले. मग त्यांनी हात खाली घेतला.

चादरीवर अस्वलीण बर्फात पडली. पिलानं तिला नाकानं ढोसलं. पुन्हा ढोसलं. ती हलली नाही. पोरांचा आवाज एकदम बसला. इतकी वर्षं पिक्चर बघूनही त्यांनी हे बघितलेलंच नव्हतं.

शीतल पडद्याकडे बघतच नव्हती. ती मान वर करून आंबेरकरांकडे बघत होती. "काका," ती हळूच म्हणाली, "हात लावा ना."

"नाही बाळा."

"ही खेडला नाही गेली?"

"नाही." इतक्या प्राण्यांचे आवाज काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा आवाज असा असतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. "ही मेली. ही कुठं गेली नाही, आणि परत येणार नाही. मी खोटं सांगत होतो."

"आणि माझी?"

तेवढ्यात शेलार पोरांच्या रांगांतून वाट काढत पुढे आले आणि तिच्याजवळ खाली बसले. "तुझी पण, शीतू," ते म्हणाले. "आई गेली आपली. मी सांगायला पाहिजे होतं." आणि त्यांनी तिला मांडीवर ओढली.

ती रडली. मोठ्यानं, हुंदके देत, आम्ही सगळ्यांनी तिला त्या महिन्यांत जेवढं रडू दिलं नव्हतं तेवढं सगळं. मधुबेन पदर तोंडाला लावून उभ्या. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. दोघीतिघी उठल्या, बादल्या घेऊन गेल्या, कारण पाणी सोडून चालत नाही. प्रोजेक्टर खडखडत होता. तोंड बापाच्या शर्टात खुपसून रडता रडता शीतलनं एक हात मागे करून आंबेरकरांची बोटं पकडली होती, तीच उजव्या हाताची, आणि ती काही सोडेना. उभ्यानं वाकून वाकून माणूस किती वाकणार? आंबेरकर हळूहळू खाली आले, आधी उकिडवे, मग मांडी घालून. सतरंजीवर. पोरांच्यात.

रीळ बघायला कुणी उरलं नाही, म्हणून मी खिडकीतून हात घालून ते सांभाळलं. चादरीवर पिलू एकटं चालत होतं, नदीत मासा पकडायला जात होतं आणि धबाक्कन पडत होतं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा पुढच्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. शीतलनं तोंड वर करून बघितलं. नाक पुसलं. पुन्हा बघितलं. शेवटी एक म्हातारी घूस आली, आणि पोरांपैकी कुणीही ती आई आहे असं म्हणालं नाही.

रीळ संपलं. मोकळं टोक चाकावर फटफट आपटायला लागलं, चादर नुसती पांढरी. माणसं उठली, पोरं आपापल्या आयांना चिकटून घरी निघाली. शीतल बापाच्या मांडीवर झोपून गेली होती, मुठीत ती बोटं तशीच.

"आंबेरकर," मी खिडकीतून म्हटलं, "रीळ संपलं हो. उठताय ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"असू दे वहिनी," ते म्हणाले. "बसलोय जरा."